काळी करायची राहिलेली निळी अक्षरे

मी खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, ऊर्जा विभागात कक्ष अधिकारी, राहणार सरकारी वसाहत, पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगते की, वरील ठिकाणी मी व माझी आई राहतो. माझा धाकटा भाऊ सौर वीज साठवण्याच्या मोठ्या बॅटऱ्या बसवणाऱ्या कंपनीत आहे. सरकारशी बोलणी करणे हे त्याचे काम.

या बॅटऱ्यांबाबतच्या धोरणाचा मसुदा माझ्या टेबलावर तयार होतो. विभागात बॅटरीतले कळणारे कोणी नाही, म्हणून मसुदा कंपन्यांकडे सूचनांसाठी जातो. त्यात गैर काही नाही. ज्याला कळते त्यालाच विचारावे लागते. त्यांच्या सूचना निळ्या अक्षरांत येतात. सचिवसाहेबांनी मान्य केल्या की मी त्या काळ्या करते. मग कोणते वाक्य कोणाचे होते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

या वेळी बॅटऱ्यांचे आवार घरांपासून शंभर मीटर लांब असावे, असे आम्ही लिहिले होते. निळ्या अक्षरांत ते तीस झाले. मी कारण विचारले. आवार लांब नेले तर जागा महाग पडते, असे उत्तर आले. आग लागली तर काय, याचे उत्तर आले नाही. साहेबांनी तीस मान्य केले. ते वाक्य माझ्या भावाचे होते. तो जेवायला आला की हसत विचारायचा, "काय ताई, झालं का काळं?"

जनसुनावणीला आवाराशेजारच्या वस्तीतील लोक आले होते. मसुदा पडद्यावर लावायचे काम माझे होते, ते मी केले. अक्षरे निळीच होती. पहिल्या रांगेतील एका बाईंनी विचारले, "हे निळं काय आहे?" साहेबांच्या तोंडून निघून गेले, "ते कंपनीचं. काळं करायचं राहिलं." त्या बाई म्हणाल्या, "मग आमचं कुठल्या रंगात आहे?" साहेबांनी मला पुढचे पान लावायला सांगितले. मी ते लावले, आणि त्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, मी गोपनीय सूचना उघड केल्याची तक्रार कंपनीने या ठाण्यात दिली. तक्रारीवर सही माझ्या भावाची आहे.

तो घरी आला होता. म्हणाला, "ताई, नजरचुकीने झालं म्हण ना. मी तक्रार मागे घेतो. पेन्शन कशाला पणाला लावतेस?" मला त्याचा राग आला नाही, वाईट वाटले. त्याला माझी खरोखर काळजी आहे. आईने त्याला वाढले व माझ्याकडे पाहिले नाही. साहेबही म्हणाले, "चुका कोणाच्या होत नाहीत? जबाबाचा मजकूर मी तयार करून देतो, तुम्ही फक्त सही करा."

कंपनी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बॅटऱ्या हव्यातच. पण ज्यांच्या घराशेजारी त्या ठेवायच्या, त्यांना कोण काय मागते आहे ते दिसायला हवे.

विचारल्यावरून सांगते की, निळे काळे करण्यातच माझी सगळी नोकरी सरली. ते विसरण्यासारखे काम नाही. निळे ठेवायला मला कोणी सांगितले नव्हते. मी मुद्दाम ते तसेच ठेवले.

जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. वरच्या परिच्छेदात 'मुद्दाम' ऐवजी 'नजरचुकीने' असे लिहिले गेले होते. तो शब्द मी बोलले नव्हते. तो माझ्यासमोर खोडला असून शेजारी माझी सही आहे.