पैलवानाची पाठ

…आनि परत अशी कुशीवर रेलून का बसलीस म्हनून इचारू नगा बायांनो, सांगाय लागले तर हितंच सांज हुईल… पर इचारलंच हाय तर ऐका, ही समदी आमच्या मालकांची करनी. धुळा पैलवान म्हनत्यात त्यांला, मी न्हाय बाई नाव घेत, गाव म्हनतंय. मंद्रूपपासनं अक्कलकोटापतोर कुटल्याबी जत्रंत इचारा, ह्या मानसाला कुनी अस्मान दावलंय का? तीस वरसं झाली, पाठीला माती म्हनून लागली न्हाय. पोरपनी वस्तादानं शपत घातलेली, उतानं निजायचं न्हाय. तवापासनं मालक निजत्यात कुशीवर, बसत्यात भितीपासनं चार बोटं लांब, न्हाव्याफुडंबी मागं रेलत न्हाईत. लगीन झालं तवा मी म्हनलं, अवो, जरा ऐसपैस निजा की. तर म्हनत्यात कसं, "पैलवानाची पाठ हाय ती गोजा, टेकायची न्हाय."

बरं, कंबर धरली ती तरी कशानं? कुस्तीत? दगडी गोटी उचलताना? छ्या. चार दिसांचं कोकरू… मालक वाकलं, उचललं, आनि तितंच थांबलं. मला वाटलं कोकराचा मुका घेत्यात. लई येळ झाला तरी वर हुईनात तवा समजलं.

मग काय, चनमल्लप्पा हाडवैदाला बोलीवलं. त्येनं तेल घालून असं रगडलं, असं रगडलं, की त्येचाच अंगठा सुजला. मग निंगव्वाला आनलं, ती पायाळू, जलमताना पाय आदी आलेली, अशा मानसाची लाथ कमरंत बसली की चमक जाती म्हनत्यात की आपल्यात. तिनं घातल्या तीन. तिसऱ्या लाथंला तिचाच पाय मुरगळला. हसावं का रडावं सांगा… पर खरं सांगते, माजी छाती अशी भरून आली! घरात दुखनेकरी तीन, दोगं कन्हत पडल्यात, आनि मालक वाकडंतिकडं का हुईना पर बसलेलं. टेकलं न्हाईत.

म्हैना गेला आनि डाव्या पायातली वहान निसटाय लागली. वहान गळून पडली तरी पायाला पत्त्या न्हाय. मेंढरं फुडं, मालक मागं, वहान त्यांच्याबी मागं. तवा मातूर मी गाडी बोलीवली. घातलं गाडीत, नेलं सोलापूरला मोट्या दवाखान्यात.

तितं म्हैन्यातनं एकदा पुन्याचा मोटा दागतर यायचा, नुसत्या हाडांचा. मी म्हनलं, सायब, जाता जाता माजं डोळंबी बगा की. तर म्हनतोय, "बाई, डोळ्यात हाड नसतं." असला एकमार्गी मानूस. त्येनं मालकांचा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ वर उचलला, तर ह्या पैलवानाच्या डोळ्यात पानी. मग तळव्याला टाचनी टोचली आनि इचारलं, "कळतंय का?" मालक म्हनलं, "टोचा की मग." टोचून झालं हुतं.

"पैलवान," दागतर म्हनला, "कमरेचा मणका दबलाय, पायाची शीर चेपलीय. सहा आठवडे फळीवर उताणं पडायचं, पायाला विटा टांगायच्या, मग प्लास्टरचा पट्टा. नाहीतर हा पाय लुळा पडेल."

"उतानं?"

"उताणं."

"कुशीवर चाललं का?"

"नाही."

"पालथं?"

"पैलवान, उताणं म्हणजे उताणं."

मालकांनी पटका उचलला. "पाय गेला तर जाऊ द्या सायब. पैलवानाची पाठ हाय, टेकायची न्हाय. कुनी पाडलं तरच टेकंल."

माजं डोस्कंच फिरलं. असं व्हय? पाय गेला तर मेंढरामागं कोन हिंडनार, तुमचा वस्ताद? म्हनलं, मग धरा कुस्ती माज्यासंगं, हितंच, दागतरसायब पंच. पदर खोचला. तितं लाल माती कुटली? घमेल्यात प्लास्टरचं पांढरं पीठ हुतं, त्येच हाताला चोळलं आनि दिली सलामी. खाटंवरची समदी मानसं उटून बसली, ज्यांला हालायची मनाई हुती तीबी. आता सलामी दिल्यावर पैलवान हात मागं घेतोय व्हय? त्यांनीबी दिली. "पर बाईमानसाला धरायचं कसं गं?" म्हनलं, धरू नगा, उबं ऱ्हावा. डावा पाय त्यांचा ऱ्हायला न्हवता, मला ठावं. तितंच आडवा पाय घातला, मानंखाली हात दिला, दागतरानं कंबर धरली, आनि अंड्यावानी संभाळून ठिवलं फळीवर.

"चीत," दागतर म्हनला, आनि मालकांचं मन फिरायच्या आत विटा बांदल्या.

मालक वर बगत ऱ्हायलं. हळूच म्हनलं, "गोजा, आभाळ दिसतंय गं." वर तर कौलं हुती. पर दोगांच्याबी डोळ्यात पानी.

सा आठवड्यानी पट्टा घालून आपल्या पायानं गावात आलं, दोनी वहाना पायात. पारावर कुनीतरी कुजकट इचारलंच, "पैलवान, पाठ लागली म्हनं?" ह्यांनी मिशीला पीळ दिला. "लागली की. कुनी लावली त्ये इचारा. माजीच बायकू हाय ती. तुमच्यात हाय का कुनाची छाती?" बायांनो, मी पारासमोरच्या दाराआड हुते, तुमास्नी सांगते, नथ मिळाली असती तर येवडं वाटलं नसतं.

आनि आता बगा. सा आठवडं त्यो डोंगर भांडं साराय, पाठ पुसाय दिसातनं धा येळा कुशीवर केला, परत उताना केला, आनि माजीच कंबर धरली. दागतर म्हनतोय, "बाई, उताणं पडा." पडले असते की. पर मालकांनी पडवीत फळी मांडून ठिवलीया, मांडीवर थाप मारून बसल्यात, म्हनत्यात, "टेक गोजा, मंजी बरोबरी झाली."

म्हनून बसलीया अशी कुशीवर. दुखतंय लई… पर काय करता, पैलवानाच्या बायकूची पाठ हाय, टेकायची न्हाय.