दंड माफ असतो

जुनी घड्याळं दुरुस्त करून ऑनलाइन विकणारा तो सकाळपासून करकचेरीच्या बाकावर बसून होता. खिडकीपाशी जायला पाय उचलत नव्हता. शेजारी दोघी बहिणी येऊन टेकल्या.

"ताई, घरी जाऊ या. टोप्यांचं ऑनलाइन दुकानच बंद करते."

"आधी ऐक. दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकांकडूनही विक्रीकर घ्यायचा असतो, हे तुला ठाऊक नव्हतं. हो ना?"

"पण भरला नाही, हे तर खरं!"

"म्हणून तर ही अभय योजना. आपण होऊन सांगायचं. मागच्या तीन वर्षांचा कर भरायचा. दंड माफ."

"आणि त्याआधीचा?"

"सोडून देतात."

"एवढे कसे गं उदार झाले?"

"तू पुढे नीट भरत राहावंस म्हणून. बंद दुकानाकडून त्यांना काय मिळणार?"

"हप्ते देतील?"

"विचार की."

"तू बस. मीच विचारते."

धाकटी रांगेत जाऊन उभी राहिली. त्याला राहवलं नाही. तो थोरलीकडे वळला.

"ताई, नोटीस आली नसेल तरच का हो हे?"

"हो. तुम्हाला आलीय?"

"अजून नाही."

"मग बसलाय काय? उठा!"

तो उठला आणि धाकटीच्या मागे जाऊन उभा राहिला. तिने वळून पाहिलं.

"घाबरू नका हो," ती म्हणाली, "दंड माफ असतो."