चौदा दुधी आणि एक अंगठा

"केरे, फळाला नख लावू नगं! तळव्यावर घे — तान्ह्या लेकरागत!" चाळीस वर्षांमागं मळ्यात ऐकलेला आईचा आवाज, केराबाईच्या कानात अजून तसाच. आणि त्याच दमात आई म्हणायची, "आन् गिऱ्हाइकाला उलट बोलू नगं. गिऱ्हाईक म्हंजी देव!"

मंडळी, ऐका! गिऱ्हाईक देव — मान्य! पण देवच ओरखडायला लागला, तर? तरी गप्प बसायचं? अहो, माना काय डोलावता, अजून मी काही सांगितलंच नाही!

करंजपेठेचा बेस्तरवारचा बाजार. केराबाई वेलीवर दव असतानाच दुधी तोडायची. कशी?

दुधियाच्या गं वेलीला, मांडवाचा गं पाळणा,
देठ तोडिता पहाटे, हात माझा गं धजेना!

अंगावर पांढरी लव, देठाला पाण्याचा थेंब — असा दुधी! ओल्या फडक्यात बांधायची, पाटी डोक्यावर, आणि पायी बाजार. तिची हाळी एकच: "आज तोडलाय, आजच खावा!" त्या एका शब्दावर तिचं दुकान!

आणि आले भास्करतात्या! देवळाचे पंच. कपाळी गंध, मुखी नाम — आणि अंगठ्याला नख! पहिला दुधी उचलला — कच्! दुसरा — कच्! "कोवळा आहे का बघतो, केरे." अहो, कोवळा आहे म्हणूनच नख गेलं ना? मग घ्या की! नाही! चौदाच्या चौदा टोचले, म्हणाले, "संध्याकाळी बघू," — आणि रिकामी पिशवी हलवत चालले!

दुपारपर्यंत नखांच्या जागा काळ्या! बाया येतात, दुधी फिरवून बघतात — "शिळाय गं!" — पुढं जातात. शेवंता मास्तरीण, कायमचं गिऱ्हाईक, तीसुद्धा म्हणाली, "केराबाई, तुम्हीही?" केराबाईच्या ओठाशी शब्द आला. गिळला! आई आठवली! आणि हे एकदा नव्हे हो — सहा बेस्तरवार!

सातव्या बेस्तरवारी, सकाळी तसेच टोचून गेलेले तात्या दिवस कलताना परतले. मास्तरीण शेजारीच कोथिंबीर निवडत होती. तात्यांनी दुधी उचलला, आणि भर बाजारात — "काय गं, परवाचा माल विकतेस? हे डाग बघ! कोण घेणार असला? टाक अर्ध्यात, प्रसादाला चालवून घेऊ!"

हसलात? हसू नका! आपापले अंगठे बघा! नव्या सुनेच्या पहिल्या भाकरीला कोण टोचतं? शेजाऱ्याच्या लेकीच्या नावाला? टोचायचं आपणच, आणि काळं पडलं की बोट दाखवायचं — तेही आपणच! वर देवाला नैवेद्य! आधी नखं काढा, मंडळी, मग टाळ्या वाजवा!

आणि केराबाई? ती उठली. दुधी तात्यांच्या पुढ्यात धरला.

"लावा अंगठा."

"काय?"

"त्या डागावर लावा, तात्या. बसतोय का बघा."

मास्तरणीच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. तात्यांनी हात धोतरामागं नेला.

"आज पहाटं तोडलाय ह्यो. डाग तुमच्या नखाचा हाय. सात बाजार झालं, दर येळी सांगीन म्हनत हुते — भ्यायले, म्हून न्हाई सांगितलं!"