पंप कुठी ठेवला?

शुद्धलेखन चुकलं तर समजून घ्या, माझी शाळा लवकर सुटली. जमेल तसं साधंच लिहितो.

आंधळगावच्या आमच्या घरी नवीन वहिनी आली आणि तिनं पहिल्याच आठवड्यात सारा पसारा आवरला. त्या दुपारी शेजारी धान उफणत होते. धुळीनं बाबांना दम्याचा झटका आला, बोलणंच बंद झालं. मी कोनाड्यात हात घातला, तर कोनाडा चकाचक.

"वहिनी, पंप कुठी ठेवला?"

"जागेवर, भाऊजी! कोठ्यात, गाईच्या मागं."

मी धावलो. तिथं फवारणीचा पंप धुऊनपुसून टांगलेला.

"हा नाही वो! बाबाचा! तोंडात मारतेत तो!"

"ते निळं लहानसं? अव माय! मी त भंगारच्या पोत्यात टाकलं!"

दाराशी बांधून ठेवलेलं पोतं मी अंगणात उलटं केलं. पंप अगदी शेवटी पडला. दोनदा मारल्यावर बाबांचा श्वास जागेवर आला. वहिनी कोनाड्याला टेकून रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाला सुतळी बांधून बाबांच्या गळ्यात अडकवला.

बाबा म्हणाले, "आता घंटी बी बांध ना बे, चरायले जातो."