पडद्याचा स्क्रू

आमचा ट्रेलर, गाडीमागं ओढून न्यायचं चाकावरचं घर, तुमी पाह्यलाच ना? पत्र्याचं काम ह्यांचं, पण वायरिंग सगळी माझी. आयटीआयमध्ये शिकली होती मी. करंट गळला का लाईन तोडणारा स्विचही लावला होता. घरी चंद्रपूरले सगळं नीट चाललं. मंग मूल गावाजवळ ह्यांच्या मित्राच्या शेतात मुक्कामाले गेलो, मोटरच्या खोलीतून लाईन घेतली, तं स्विच खटकन पडला. चारदा चढवला, चारदा पडला.

मित्र म्हणे, "वहिनी, स्विचच खराब आहे. काढा अन् थेट जोडा."

हे बी म्हणे, "जोड ना, दोन दिवसाचा तं प्रश्न आहे."

मी म्हटलं, "स्विच खराब नाई. तो आपल्याले वाचवून राह्यला."

लाईन काढून मी एकेक वायर तपासली. खिडकीपाशी नवा स्क्रू दिसला.

"हा कोणं मारला?"

हे हळूच म्हणाले, "मीच. काल, पडद्यासाठी."

तो स्क्रू थेट वायरीत घुसला होता. स्विच काढला असता तं अख्ख्या पत्र्यात करंट उतरला असता.

स्क्रू काढला, वायर बदलली, स्विच चढवला. दिवा लागला, पंखा फिरला. मंग मित्र म्हणे, "वहिनी, आमच्या मोटरची खोली बी पाहून देता का?"