सुमेधाताईंचा ड्रायव्हर आणि चाकणचा मुका डबा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक माननीय अनंतराव साहेब, सेवा विभागाचे प्रमुख आदरणीय दौलतराव, सत्कारमूर्ती सुमेधाताई, आणि चिखलीच्या या उकाड्यात समोशांकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. मी आयटीआय अर्धवट सोडलेला माणूस, मधे कोकणात टेम्पो चालवला, तिथले रस्ते म्हणजे... ते असो.

आपण कारखान्यांना माल मोजणारा डबा विकतो. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेसचा ठोका पडला की तिच्याकडून तारेवरून डब्याला एक पॅकेट, म्हणजे छोटासा निरोप येतो, डबा आकडा एकने वाढवतो. पण शिफ्ट सुरू होताना सगळ्या प्रेस एकदम चालू झाल्या की डबा मुका! मग आपली थोर परंपरा. गिऱ्हाइकाचा फोन येणार, दौलतराव मला पिटाळणार, मी डबा बंद करून चालू करणार आणि 'तक्रार निवारण झाले' अशी सही घेणार. एकच तक्रार आपण इतक्या वेळा निवारली की उत्कृष्ट सेवेची ट्रॉफी मिळाली. दुसऱ्या कुठल्या आजाराने डॉक्टरला एवढा मान दिलाय, सांगा बरं?

दोष कुणाचा? दौलतरावांच्या मते कधी अर्थिंगचा, कधी उंदरांचा. खंडेनवमीला त्यांनी डब्याला लिंबू-मिरचीही बांधली. श्रद्धा मोठी गोष्ट आहे.

चाकणच्या एका कारखान्यात रुपालीताई प्रेस चालवतात. डब्यातला आकडा कमी, म्हणून त्यांना मेमोवर मेमो. पुढचा आला की थेट घरी. डब्यातले प्रोग्रॅम बघणाऱ्या आपल्या इंजिनिअर सुमेधाताई माझ्यासोबत तिथे गेल्या, तर रुपालीताई कडाडल्या, "मॅडम, माल पेटीत हाय, तुमच्या डब्यात न्हाई. आता चोर मी का डबा?"

"डबा," सुमेधाताई म्हणाल्या.

फोनवर दौलतराव कळवळले, "अहो, गिऱ्हाइकासमोर खरं काय बोलता!"

बिघाड काय होता? आमच्या पिंपळे गुरवच्या सोसायटीचा वॉचमन घ्या. चार कुरिअरवाले एकदम आले तरी बेल एकदाच वाजते. गडी उठतो, एकाचं पार्सल घेतो, दार लावून घोरतो. बाकीचे जिन्यात उभे. जिना भरला की नवा माणूस शिरणार कुठून? डब्यात पॅकेट उचलणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो हेच करत होता. ताईंनी त्याला शिस्त लावली: उठलास की जिना रिकामा होईस्तोवर थांबायचं नाही, फाटकं पार्सल टाकून द्यायचं, पण त्याची जागा अडवून ठेवायची नाही.

दुरुस्ती झाली, तपासली, चालली. मग ती गिऱ्हाइकांच्या डब्यांत घालायची का, यावर मीटिंग झाली. दौलतरावांनी रास्त प्रश्न विचारला, "तक्रारीच थांबल्या तर माझ्या विभागानं करायचं काय?" साहेब म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." दिवाळी गेली. ताईंनी राजीनामा दिला. फलकावर लिहिलंय, 'उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा'. त्या नेमक्या कुणाला, तेवढं रंगवायचं राहिलंय.

ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तपासणीसाठी तुम्ही दिलेला नवा ड्रायव्हर माझ्या लॅपटॉपवर होताच. गेल्या महिन्यात चाकणला डबा बंद करायला गेलो आणि चालू करायच्या आधी तो आत घातला. हात बसला, म्हणून बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही घालून आलो. रुपालीताईंचा आकडा आता पेटीतल्या मालाशी जुळतो, मेमो मागे घेतलेत. साहेब, असे दचकू नका. दौलतराव, तुमचा फोन बिघडलेला नाही; लाइनमनला उगाच बोलावलंत.

कुणाला वाटलंच की जुना ड्रायव्हर परत घालावा, तर चाकणला स्वतः जावं. मी पत्ता देतो. रुपालीताई प्रेसपाशीच भेटतील, मोकळेपणाने बोलतात.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर सांभाळून घ्या. ताई, सुखानं जा. डबे चालू आहेत.