गाडीवाट पुढच्या वर्षी

सन एकोणीसशे त्रेसष्टचा हिवाळा. अमरावतीच्या एस. टी. स्टँडवर मी नांदगाव खंडेश्वरच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी काळ्या कोटातले एक वकील आणि धोतर नेसलेला एक शेतकरी बोलत होते.

"नत्थुजी, तुमच्या भावाचं कालच कळलं. ट्रकनं मागून ठोकलं म्हणे?"

"हो, वकीलसाहेब. कापूस जिनिंगात टाकून पुंजाराम बैलगाडीनं घराकडे येत होता. चालत्या गाडीत झोपला होता."

"डांबरी रस्त्यावर कोणी झोपतं का?"

"आमचा बाप तसाच झोपे, आजाबी तसाच झोपे. बैलाले घर माहीत असते, साहेब. अन् खड्डे होते तवा ट्रक हळू चाले."

"बैलगाड्यांसाठी कडेनं मातीची वाट करायची होती. नकाशात होती ती."

"मंग काहून नाई केली?"

"मंजूर झालेला पैसा डांबरातच संपला. वाट पुढच्या वर्षी करू, असं आम्ही रस्त्याच्या कमिटीत ठरवलं."

"तुमी होते कमिटीत?"

"होतो."

"मीबी वरडलो होतो ना सभेत. वाट रायली तरी चालते, पयले डांबर गावापर्यंत आना म्हनून. पुंजारामनं तर टाळ्या वाजवल्या."

"बैल वाचले का?"

"वाचले. जू तुटलं, तसे चालत घरी आले. त्यायच्या घुंगरांचा आवाज आयकून पुंजारामच्या बायकोनं तव्यावर भाकर टाकली."